नोकरी पुण्यात, नाव गावच्या यादीत: विधानसभेच्या मतदानासाठी नेमके काय करावे?

बार्शीकर_वाकडमध्ये (८ सप्टेंबर २०२४)

नमस्कार. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत असल्यामुळे निवडणूक दिवाळीच्या आगेमागे होणार हे उघड आहे, आणि या वेळी तरी आमच्या घरातील सर्वांचे मतदान व्हावे म्हणून आधीच विचारून ठेवतो आहे.

माझे नाव बार्शी तालुक्यातील आमच्या गावच्या यादीत आहे. गेली काही वर्षे मी पत्नी आणि मुलीसह वाकडमध्ये भाड्याच्या घरात राहतो. नोकरी हिंजवडीत आहे. गावी आई आणि थोरले बंधू असतात. नाव पुण्याला हलवावे असे मला वाटते, परंतु बंधूंचे म्हणणे असे की गावातले नाव कमी केले तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपले एक मत जाईल आणि उद्या जमिनीच्या कागदपत्रांतही अडचण येईल. नाव गावीच ठेवून येथे नवीन नोंदणी करावी, असाही सल्ला काही परिचितांनी दिला आहे.

पत्नीचे नाव अजून लातूरला माहेरच्या नावाने आहे. मुलगी २० सप्टेंबरला अठरा वर्षांची होईल. घराचे लाईट बिल मालकांच्या नावावर आहे आणि ते कोणत्याही कागदासाठी द्यायला नाखूश असतात. आईचे वय सत्त्याऐंशी आहे, मात्र मतदार यादीत ते ब्याऐंशी लागलेले आहे. गावातल्या शाळेपर्यंत चालत जाणे तिला आता जमत नाही. घरून मतदान करता येते असे ऐकले आहे, त्याची रीत काय?

जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

---

निवृत्त_गुरुजी (८ सप्टेंबर २०२४)

शिक्षक असताना मी बीएलओ, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघरी पडताळणी करणारा कर्मचारी, म्हणून बराच काळ फिरलो आहे, त्यामुळे कामाचे तेवढे सांगतो.

ओळखपत्र खिशात आहे म्हणजे मत देता येईल, हा समज सर्वप्रथम सोडावा. मतदानाचा हक्क यादीतल्या नोंदीवर चालतो. ओळखपत्र केवळ आपण तीच व्यक्ती आहोत हे दाखवते. तेव्हा आज, निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच, घरातील प्रत्येकाच्या ओळखपत्रावरील एपिक क्रमांक टाकून आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा व्होटर हेल्पलाइन अॅपवर नोंद शोधा. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिसले तरच नाव आहे असे समजावे. इंटरनेटवर जमत नसेल तर १९५० या क्रमांकावर विचारता येते.

आपले नाव बार्शीहून वाकडला हलवण्यासाठी नमुना ८ भरायचा आहे. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेल्यावर पुन्हा नमुना ६ भरावा लागत असे आणि जुने नाव तसेच मागे राहून जाई. यादीतली दुबार नावे बहुतांशी याच वाटेने साचली. १ ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतर, नोंदीतील दुरुस्ती, ओळखपत्राची दुसरी प्रत आणि दिव्यांगत्वाची नोंद ही चारही कामे नमुना ८ वर होतात, आणि नमुना ६ केवळ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी राहिला आहे. नमुना ८ मंजूर झाला की जुन्या ठिकाणचे नाव कमी होते आणि एपिक क्रमांक तोच राहतो. नवीन नोंदणी करा असे सांगणाऱ्यांचे म्हणूनच ऐकू नका, कारण नमुना ६ वर आपले नाव अन्य कोणत्याही यादीत नाही असे सहीनिशी लिहून द्यावे लागते.

पत्नीच्या बाबतीत एक बारकावा आहे. एका नमुना ८ मध्ये एकच काम निवडता येते, त्यामुळे स्थलांतर आणि नावातील बदल एकाच अर्जात होत नाहीत. आधी लातूरहून वाकडला स्थलांतराचा अर्ज करावा आणि तो मंजूर झाल्यावर नावाच्या दुरुस्तीचा दुसरा अर्ज द्यावा. वेळ कमी पडलाच तर दुरुस्ती मागे राहिली तरी चालेल; माहेरच्या नावाने का होईना, नाव वाकडच्या यादीत असेल तर मत देता येईल.

मुलीसाठी नमुना ६. पूर्वी वर्षातून फक्त १ जानेवारी हाच अर्हता दिनांक धरला जाई आणि फेब्रुवारीत अठरा पूर्ण केलेल्या मुलालाही पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक आहेत. आपली कन्या १ ऑक्टोबरला अठरा पूर्ण केलेली असेल, म्हणजे ती पात्र ठरते. वयाच्या पुराव्यासाठी जन्मतारीख असलेले दहावीचे प्रमाणपत्र किंवा जन्मदाखला पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट, कारण त्या भागात ही गल्लत नेहमी होते. अर्जात मतदारसंघ घराच्या पत्त्यावरून निवडायचा असतो, कार्यालयाच्या नव्हे. वाकड चिंचवड विधानसभा मतदारसंघात आहे, तर रस्त्यापलीकडची हिंजवडी मुळशी तालुक्यात असल्यामुळे भोर मतदारसंघात मोडते. लोकसभेलाही पहिले मावळमध्ये आणि दुसरे बारामतीत. मतदारसंघ चुकला तर अर्ज भलत्याच अधिकाऱ्याकडे जातो आणि तेथे आपले घर सापडत नाही म्हणून फेटाळला जातो.

---

ओसरीवरचा_वकील (९ सप्टेंबर २०२४)

गुरुजींनी कार्यपद्धती नेमकी सांगितली आहे. बंधूंच्या म्हणण्याला मात्र कायद्याच्या बाजूने उत्तर द्यायला हवे, कारण आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक स्थलांतरित कुटुंबात हा वाद होतो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ नुसार ज्या मतदारसंघात आपण सर्वसाधारणपणे राहता, तेथील यादीत नाव असायला हवे. 'सर्वसाधारणपणे राहणे' म्हणजे काय, हे कलम २० सांगते: एखाद्या ठिकाणी केवळ मालकीचे घर आहे एवढ्यावरून मनुष्य तेथील रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो रहिवासी नाही असेही होत नाही. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणारे कुटुंब परत गावीच येते, त्यामुळे त्याचे नाव गावात असणे योग्यच आहे. आपण मात्र बायकामुलांसह वाकडला राहता, मुलगी तेथेच शिकते, गावी सणासुदीला जाता. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने आपले ठिकाण वाकड आहे. कोणते गाव जवळचे वाटते, याला त्यात स्थान नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना तेवढी निवड दिलेली आहे. ते आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदणी करू शकतात, मात्र दोन्हींपैकी एकाच ठिकाणी.

दोन ठिकाणी नाव ठेवण्यास कलम १७ आणि १८ मनाई करतात, आणि अर्जात खोटे निवेदन केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन मतदारसंघांत प्रत्यक्ष मत दिले तर त्याच नावाच्या १९५१ च्या अधिनियमाप्रमाणे दोन्हीकडची मते बाद ठरतात.

बंधूंच्या दोन भीतींपैकी एक खरी आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्यासाठी वेगळी नावनोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडून वापरली जाते. म्हणून गावचे नाव गेले की ग्रामपंचायतीतले मतही जाते आणि तेथे उमेदवारीही करता येत नाही. सरपंचपदाच्या चुरशीत भावकीतल्या एकेका मतासाठी पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्स भरून माणसे का नेली जातात, ते यातून कळते. त्या मोबदल्यात आपल्याला पिंपरी-चिंचवड महापालिकेत मत मिळेल, जेथे आपण पाणी वापरता आणि कचरा देता. दुसरी भीती मात्र निराधार आहे. सातबारा, आठ-अ आणि वारसनोंदी यांचा मतदार यादीशी काडीचाही संबंध नाही.

---

बार्शीकर_वाकडमध्ये (९ सप्टेंबर २०२४)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बंधूंना वकीलसाहेबांचे उत्तर वाचून दाखवले; ते पूर्णपणे पटले नसले तरी सातबाऱ्याची चिंता मिटली आहे. पत्त्याच्या पुराव्याचे तेवढे कृपया सांगावे. आमचा भाडेकरार नोंदणीकृत आहे, परंतु अकरा महिन्यांचाच असतो.

---

निवृत्त_गुरुजी (१० सप्टेंबर २०२४)

नोंदणीकृत भाडेकरार स्वीकारल्या जाणाऱ्या पुराव्यांच्या यादीत आहे, तेव्हा मालकांच्या लाईट बिलाची आपल्याला गरजच नाही. नुसता नोटरी केलेला करार मात्र चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवणे ही मुळात घरमालकाची जबाबदारी आहे, आणि तरीही शेकडो घरे नोटरीवर किंवा तोंडी बोलीवर दिली जातात. अशा घरांतले भाडेकरू वर्षानुवर्षे यादीबाहेर राहतात, हे मी दारोदारी फिरताना पाहिले आहे. भाडेकरू नाव लावून घेतो म्हणजे पुढे घरावर हक्क सांगणार, ही मालकांची समजूत निर्मूळ आहे, पण ती घालवणे सोपे नाही.

ज्यांचा करार नोंदलेला नाही त्यांच्यासाठी सोपा मार्ग बँकेचा आहे. राष्ट्रीयीकृत किंवा अनुसूचित बँकेत पत्ता बदलून घेऊन त्या पत्त्याचे पासबुक जोडावे. पत्ता बदललेले आधार कार्ड आणि पारपत्रही चालते. यांपैकी काहीच नसले तरी अर्ज करावा, कारण बीएलओची प्रत्यक्ष भेट शेवटी निर्णायक असते. त्या भेटीच्या वेळी दार बंद आणि शेजारी 'आम्ही ओळखत नाही' म्हणाले, की अर्ज अडकतो. सोसायटीच्या फाटकावर आपले नाव आणि सदनिका क्रमांक सांगून ठेवा, आणि अर्जात चालू असलेलाच मोबाइल क्रमांक द्या.

---

निवडणूक_ड्युटीवाली (११ सप्टेंबर २०२४)

आईंच्या मतदानाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. मी एका सरकारी कार्यालयात आहे आणि लोकसभेच्या वेळी घरोघरी मतदान घेणाऱ्या पथकात होते.

घरून मतदानाची सोय पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आहे. आधी ही मर्यादा ऐंशीची होती. यंदाच्या मार्चमध्ये ती पंच्याऐंशी झाली. वय मात्र मतदार यादीत लिहिलेले धरले जाते, आणि येथेच आपल्या आईंचे अडते. गावाकडच्या वृद्धांची वये पूर्वी अंदाजाने लिहिली गेली असल्यामुळे अशी उदाहरणे पुष्कळ सापडतात. वयाच्या दुरुस्तीचा नमुना ८ आजच भरून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर आधार किंवा पॅनवरची जन्मतारीख पुराव्याला चालते, पण तीही अंदाजानेच लिहिलेली नाही ना, हे आधी पाहून घ्या.

दुरुस्ती झाली तर निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-डी भरून द्यावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतात आणि भरून परत नेतात; तरी त्यांची वाट पाहत बसू नये, बंधूंनी स्वतः मागून घ्यावा. पुढे ठरलेल्या दिवशी पथक घरी येते, कागदी मतपत्रिका देते, आडोशाला मत नोंदवून पाकिटात बंद करायला सांगते आणि या प्रक्रियेचे चित्रीकरण होते, मात्र कोणाला मत दिले ते चित्रीकरणात येत नाही. हा पर्याय एकदा मंजूर झाला की मतदान केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, एवढे आईंना आधीच समजावून सांगावे. आमच्या पथकाला एका आजींनी घरात मत देण्यास साफ नकार दिला होता. त्यांना शाळेत जाऊन, रांगेतल्या बायकांशी बोलूनच मत द्यायचे होते, आणि सुनेने परस्पर अर्ज भरून टाकला होता.

दुरुस्ती वेळेत झाली नाही तर केंद्रावर चाकाची खुर्ची मागता येते, वृद्धांना रांगेत थांबावे लागत नाही, आणि दृष्टी अधू असल्यामुळे किंवा हात चालत नसल्यामुळे बटण दाबता येत नसेल तर अठरा वर्षांवरील एक सोबती आत नेता येतो. तो सोबती त्या दिवशी आणखी कोणाचा सोबती होऊ शकत नाही.

---

दुबईतून_सातारकर (१५ सप्टेंबर २०२४)

विषय थोडा वेगळा आहे, पण येथेच विचारतो. माझे पारपत्र भारतीयच आहे. मला येथून मत देता येईल का?

---

ओसरीवरचा_वकील (१५ सप्टेंबर २०२४)

तेथे बसून देता येणार नाही. नमुना ६-अ भरून पारपत्रावरील भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येते, परंतु मत द्यायला मूळ पारपत्र घेऊन साताऱ्यातल्या केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. टपालाने मतदानाची सोय सैन्यदलांसारख्या सेवेतील मतदारांना आहे. नोकरीनिमित्त परदेशी राहणाऱ्यांना ती अद्याप दिलेली नाही. विमानाचे भाडे पाहता हा हक्क बऱ्याच जणांसाठी कागदावरच राहतो, असे माझे मत आहे.

---

निवृत्त_गुरुजी (१६ ऑक्टोबर २०२४)

काल कार्यक्रम जाहीर झाला, म्हणून हा धागा वर आणतो. अधिसूचना २२ ऑक्टोबरला, उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, मतदान २० नोव्हेंबरला आणि मतमोजणी २३ ला.

निवडणूक जाहीर झाली की नोंदणी बंद, असे अनेकांना वाटते, तसे नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपेपर्यंत यादीत नावे घेता येतात, त्यानंतर कायद्याने यादीला हात लावता येत नाही. पण प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात आणि पडताळणीलाही वेळ लागतो, त्यामुळे अर्ज त्या तारखेच्या दहा दिवस आधी पोचायला हवा. म्हणजे येत्या १९ तारखेपर्यंत. ज्यांनी 'उद्या करू' म्हणून ठेवले आहे त्यांच्या हाती आज धरून चार दिवस आहेत. नावे कमी करण्याचे आणि स्थलांतराचे राहिलेले अर्ज मात्र आता निवडणुकीनंतरच मार्गी लागतील असे धरून चाला. असे अर्ज राहिलेल्यांपैकी कोणाचे नाव जुन्याच ठिकाणी असेल तर तेथे जाऊन मतदान करण्याची तयारी ठेवा.

---

बार्शीकर_वाकडमध्ये (१७ नोव्हेंबर २०२४)

आमची तिघांचीही नावे चिंचवडच्या यादीत आली. पत्नीचे नाव माहेरचेच आहे. आईच्या वयाची दुरुस्ती झाली आणि पथक घरी येऊन तिचे मतदान घेऊन गेले. मुलीचे ओळखपत्र अद्याप हाती आलेले नाही, आणि माझ्या कार्डावर बार्शीचाच पत्ता आहे. केंद्रावर अडवतील का?

---

निवडणूक_ड्युटीवाली (१७ नोव्हेंबर २०२४)

अडवू नयेत. दुसऱ्या मतदारसंघात दिलेले ओळखपत्र चालते, मात्र नाव या केंद्राच्या यादीत असायला हवे. मुलीला आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र किंवा छायाचित्र असलेले बँकेचे अथवा टपाल खात्याचे पासबुक यांपैकी एक मूळ कागद नेऊ द्या. घरी येणारी मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, शिधापत्रिकाही चालत नाही. चिठ्ठी जवळ ठेवा ती भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासाठी, कारण मोठ्या शाळेत पाच-सहा केंद्रे असतात आणि लोक चुकीच्या खोलीसमोर तासभर उभे राहतात. मोबाइल घरी ठेवलेला बरा.

मुलगी प्रथमच जात असल्यामुळे क्रम सांगून ठेवा. पहिला अधिकारी यादीत नाव पाहून ते मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत घेता यावी. दुसऱ्याकडे डाव्या तर्जनीला शाई लागते आणि नोंदवहीत सही होते. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे आपल्या उमेदवाराचे नाव आणि चिन्ह सात सेकंद दिसते. घाईने वळू नये. पाहून मगच निघावे. संध्याकाळी सहा वाजता जे रांगेत असतील त्या सर्वांना, कितीही उशीर झाला तरी, मत देता येते.

कंपनी सुटी देत नसेल तर १९५१ च्या अधिनियमातील कलम १३५-ब दाखवा. मतदानाच्या दिवशी मतदाराला भरपगारी सुटी देणे खासगी आस्थापनांवरही बंधनकारक आहे.

---

पिंपळाखालचा (२४ नोव्हेंबर २०२४)

आमच्या केंद्रावर माझ्या शेजाऱ्यांना 'तुमचे मतदान झाले आहे' असे सांगण्यात आले. त्यांच्या बोटावर शाई नव्हती, ओळखपत्र हातात होते, आणि तरीही ते वाद नको म्हणून परत आले. अशा वेळी काय करता आले असते?

---

ओसरीवरचा_वकील (२४ नोव्हेंबर २०२४)

परत यायला नको होते. निवडणूक नियमांतील नियम ४९-पी खाली त्यांना प्रदत्त मत, म्हणजे केंद्रावर ज्याला टेंडर व्होट म्हणतात ते मागता आले असते. केंद्राध्यक्ष ओळखीची खात्री करून घेतात, वेगळ्या यादीवर सही घेतात आणि कागदी मतपत्रिका देतात. ती यंत्रात न जाता पाकिटात बंद होते. हे मत नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही, म्हणून पुष्कळदा केंद्रावरील कर्मचारीही त्याबद्दल आपणहून सांगत नाहीत. निकाल न्यायालयात गेला तर मात्र ते उघडता येते. राजस्थानातील नाथद्वारा येथे २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने पराभूत झाले, तेव्हा खटल्यात अशाच मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कालच्या निकालातही मालेगाव मध्यचे अंतर १६२ मतांचे आणि साकोलीचे २०८ मतांचे आहे.

आपल्या शेजाऱ्यांनी आता जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे केंद्र क्रमांक, अनुक्रमांक आणि साधारण वेळ देऊन लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. त्या अनुक्रमांकासमोर कोणी सही केली, ते मतदार नोंदवहीत असते. पण मतदानानंतर ती मोहोरबंद होत असल्यामुळे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पाहता येत नाही. यादीत त्याच नावाची दुसरी नोंद आहे का, हे मात्र त्यांना घरबसल्या आजही तपासता येईल, आणि तशी नोंद सापडली तर त्याच मतदारसंघाचे मतदार म्हणून नमुना ७ भरून ती काढण्याची मागणी करता येईल.